मागं बघणारा सॅक्सोफोनवाला

दादानं धाकट्याला बँडमधून हाकलून दिलं, असं आमच्या जिन्यात वरपासून खालपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. धाकटा आपल्या पायांनी गेला. जाताना दादाच्या पंक्चरच्या दुकानामागची सरावाची खोली, बसायला ठेवलेले जुने टायर आणि मागं ड्रम बडवणारा सख्खा मोठा भाऊ म्हणजे दादा, सगळ्यांना एका दमात 'लटांबर' म्हणून गेला, एवढंच.

धाकटा सॅक्सोफोन झकास वाजवायचा, यात वाद नाही. तसं कुणी दिवसातून दोनदा सांगितलं नाही तर चेहरा उतरायचा, हा भाग वेगळा. एका हॉटेलवाल्यानं संध्याकाळी एकट्यानं वाजवायला बोलावलं आणि स्वारी हवेत गेली. साथीला ड्रमचा आवाज भरलेलं यंत्र आणलं. ते उशिरा येत नाही, चहा मागत नाही, म्हणून कौतुकही सांगत फिरला.

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. बँडमध्ये प्रत्येक गाण्याच्या मध्यावर तो चार ठोके थांबायचा. तेवढ्यात दादा ड्रमवर आपली करामत दाखवून घ्यायचा आणि मान हलवून त्याला पुन्हा आत बोलवायचा. सवय हाडात मुरलेली. इथंही तो थांबला, वळून मागं पाहिलं. मागं पडदा. यंत्र आपलं पुढं निघून गेलेलं. सॅक्सोफोन थांबला म्हणून लोकांना वाटलं, गाणं संपलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या नि पुन्हा ताटात डोकं घातलं. ही खोड पुढंही सुटली नाही. तोंड सॅक्सोफोनला, मान मागं.

शेवटी एका दुपारी तो दुकानात गेला. दादा चाकातून ट्यूब ओढत होता. धाकटा वाद्याची पेटी घेऊन दारातच घुटमळला.

"बस की. टायर ओळखीचेच आहेत," दादा म्हणाला.

"दादा, मी परत येऊ का?"

दादानं ट्यूब पाण्यात बुडवली नि बुडबुडे निघाले तिथं बोट दाबून धरलं.

"तुझ्या जागी आता तुझ्या वहिनीची भाची वाजवते. बरी वाजवते पोरगी. तिला कोणत्या तोंडानं ऊठ म्हणू?" मग उगाच हसत म्हणाला, "आणि तुला रे काय कमी आहे? हॉटेलच्या दारावर एकट्याचं नाव झळकतं तुझं."

"झळकतं ना," धाकटा म्हणाला. "आणि ते वाचायलाही मी एकटाच असतो, दादा."