तेल प्यायलेल्या लाकडाचं विमान

आमच्या शाळेच्या प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा एक विभाग असायचा. टाकून द्यायची वस्तू घ्यायची आणि तिचं काहीतरी करायचं. आठवीत मी लाकडी विमान करायचं ठरवलं, कारण टाकाऊ लाकूड आमच्याइतकं वर्गात कोणाकडेच नव्हतं. पप्पा सेंट्रिंगचे सुतार. टिटवाळ्याला नव्या इमारती उठत होत्या. तिथे स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या आणि काँक्रीट पक्कं झालं की सोडवायच्या, हे त्यांचं काम. काही स्लॅब झाले की फळी फुटते आणि जळणात जाते. अशा तीन फळ्या ते मोहन्याला घरी घेऊन आले.

पंखाचा आकार मी एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर काढला. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, आजोबांच्या युनियनची पत्रकं होती. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. ‘कष्टकऱ्याने मान खाली घालू नये’ हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

पहिल्या रविवारी पप्पांनी फळ्या रंधा मारून पातळ केल्या, मी पॉलिश पेपरने घासल्या, आणि आम्ही गोंद लावून सगळं जोडून ठेवलं. सकाळी पंख वेगळे, धड वेगळं. काँक्रीट चिकटू नये म्हणून त्या फळ्यांना तेल फासतात, आणि ते फासणारे पप्पाच. दर स्लॅबला ते तेल लाकडात मुरलेलं, हे त्यांच्याच लक्षात आलं नव्हतं. ते स्वतःवरच हसले. म्हणाले, “सिमेंटला दाद देत नाही ही फळी, तुझ्या डिंकाला काय देणार?”

खिळा मारला तर पंख चिरत होता. मग पुढच्या रविवारी त्यांनी पटाशीने खाचा पाडल्या. धडाच्या आरपार एक खाच, तिच्यातून अखंड पंख सरकवला. शेपटीलाही तसंच. गोंद नाही, खिळा नाही, तरी विमान पंखाला धरून हलवलं तर टिचकीएवढाही आवाज येत नव्हता. रंगही धरेना, म्हणून ते काळपट तपकिरी आणि तेलकट वासाचंच राहिलं. मला ते फार आवडलं. मला एवढंच हवं होतं की ते टेबलावर असावं आणि ते कोणी केलं हे लोकांना कळावं.

प्रदर्शनाच्या दिवशी पप्पांनी खाडा केला आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. माझ्या शेजारच्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला होता. त्या काड्यांना आइस्क्रीम कधी लागलंच नव्हतं. स्टेशनरीच्या दुकानात त्यांची नवी कोरी पाकिटं मिळतात. परीक्षकांनी त्या मुलाला विचारलं, कोणी केलं? तो म्हणाला, मी. त्याची आई मागे उभी होती, तिच्या बोटांवर गोंदाचे पापुद्रे होते.

परीक्षक दुसऱ्या शाळेतून आलेले सर होते. त्यांनी विमान उचललं, हुंगलं, खाचेवरून नख फिरवलं आणि मला विचारलं, “हे कोणी केलं?”

मी म्हणाले, “पप्पांनी आणि मी. खाचा पप्पांच्या, घासकाम माझं.”

“मग पप्पांनाच शाळेत घाला,” ते म्हणाले. बाकीचे हसले. नियमाप्रमाणे वस्तू विद्यार्थ्याची हवी, म्हणून माझ्या नावावर काट मारली गेली. वर्गाच्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, “अगं, ‘मी केलं’ म्हणायला काय झालं होतं तुला?” ज्या शाळेत कार्यानुभव नावाचा विषय आहे, त्या शाळेतल्या बाई.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पप्पा पुढे आले. त्यांनी हात जोडले.

“चुकलं सर. पोरीचं काही नाही, मीच जास्त हात घातला.”

हात घातला. त्या हॉलमध्ये हाताने काम करणारा माणूस हात घातला म्हणून माफी मागत होता, आणि ज्यांनी पाकीट फोडून टाकाऊ बनवलं होतं ते हसत होते. मला सरांचा राग आला, बाईंचा आला, पण सगळ्यात जास्त त्या जोडलेल्या हातांचा आला. रिक्षात मी विचारलं, माफी कशाची मागितलीत? ते बाहेर बघत म्हणाले, “तुला त्याच शाळेत अजून दोन वर्षं काढायचीत.”

चाळीत शिरताना शेजारच्या काकूंनी विचारलं, काय झालं विमानाचं?

“नंबर आला की,” पप्पा म्हणाले. “दुसरा.”

“नाही आला,” मी म्हणाले. “खरं सांगितलं म्हणून काढलं. आणि पप्पांनी वर माफी मागितली.”

काकू ‘बरं बरं’ म्हणत आत गेल्या. पप्पांनी विमान फळीवर ठेवलं, शर्ट काढून नीट घडी घातली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलंच नाही.

हॉलमध्ये मी खरं बोलले ते बरोबरच होतं. आजही तेच बोलेन, अजून मोठ्याने. पण चाळीच्या दारातलं ते दुसरं खरं, खरं सांगितलं म्हणून काढलं हे, मी त्या सरांना ऐकवायला हवं होतं. ते तिथे नव्हते, पप्पा होते, म्हणून मी त्यांना ऐकवलं.