बावन्न नंबरचा उठावणा

माझ्या यजमानांच्या उठावण्याला त्यांचे सगळ्यात जवळचे मित्र वेळेवर पोहोचले, भरभरून बोलले, रडलेसुद्धा. फक्त तो उठावणा दुसऱ्याचा होता.

(उठावणा म्हणजे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत अर्धा तास एकत्र बसायचं. इंदूरचा मराठी माणूसही तो चुकवत नाही. मी मात्र सहा जणांना चुकवायला लावला!)

आमचे हे रस्त्यांचे शौकीन होते. फिरण्याचे नव्हे हं, नंबरांचे! बँकेतून रिटायर झाल्यावर यांना फोनवरच्या एका ग्रुपवर आपल्यासारखेच सापडले. धुळ्याचे बोरसे, उज्जैनचे शर्माजी आणि आणखी चौघं. रोज सकाळी चहाबरोबर भांडण सुरू. अमका महामार्ग कुठे संपतो, तमक्याला फाटा कुठे फुटतो. वर्षानुवर्षं भांडले, पण प्रत्यक्ष भेट एकदाही नाही! भेटायचं दरवेळी ठरायचं, मग कोणी कुठल्या रस्त्याने यायचं यावरून वाद व्हायचा आणि बेत मोडायचा. फोटो टाकायचे तेही रस्त्यावरच्या पाट्यांचे. माणसाचं तोंड त्या ग्रुपवर कोणी कधी बघितलं नाही.

घरात विद्यार्थिनी मी एकटीच.

"आपल्या राऊहून धुळ्याला जातो तो रस्ता कुठला?" हे विचारायचे.

"एबी रोड."

"नंबर सांग, नंबर!"

"तीन."

"अगं, तो जुना! नंबर बदलले, आता बावन्न. तीन नंबर कधीच हिमालयात गेला."

"गेला तर जाऊ द्या. इथला उन्हाळा सोसला नसेल त्याला."

मग हे कपाळाला हात लावायचे आणि पहिल्यापासून शिकवायचे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. "सोपं तर आहे गं!" सोपं असेल. मला कुकरच्या शिट्ट्या मोजताना गोंधळ होतो.

एका सकाळी हे चहा पिता पिता गेले. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नाही. नसेल झाला. तो सगळा इकडेच ठेवून गेले.

ग्रुपवर कळवायची वेळ आली तेव्हा मुलगा, निखिल, म्हणाला, "आई, लोकेशन टाकून दे ना. सीधी बात."

"नको. त्यांच्या मित्रांना त्यांच्याच भाषेत कळवायचं."

"आई, प्लीज. तू आणि नंबर?"

पण मी हट्टाला पेटले. डोळे पुसत पुसत एकेक अक्षर लिहिलं, 'जोशी परिवाराचा उठावणा, मंगल भवन, राष्ट्रीय महामार्ग ५२, राऊ.' मग यांच्या फोटोपुढे फोन धरला. "बघा, बावन्नच लिहिलंय." लग्नानंतर पहिल्यांदा मी नंबर न विचारता सांगितला होता, आणि शाबासकी द्यायला माणूस नव्हता.

उठावण्याच्या दिवशी पुढची रांग मी या मित्रांसाठी राखून ठेवली. शेजारचे काका टेकायला गेले तर म्हटलं, "तिथे नको काका, यांचे मित्र यायचेत." बँकेतली मंडळी भिंतीला टेकून उभी. नणंद कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, लोकं खडे आहेत गं!" असू देत. पंडितजींनी गीतेचा अध्याय संपवला, फुलं वाहून झाली, लोक हात जोडून एकेक करत गेले. रांग रिकामी ती रिकामीच.

तीन दिवस मी सगळ्यांसमोर आवरून धरलं होतं. त्या रिकाम्या खुर्च्या बघून मात्र बांध फुटला. माझ्या नवऱ्याच्या सगळ्या सकाळी ज्यांनी घेतल्या, त्यांना एक अर्धा तास देता आला नाही!

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, मी बोरसे, धुळ्याचा. फार मोठा माणूस गेला हो. पण तुम्ही कुठे दिसल्या नाहीत? आणि भाऊंचं सियागंज बाजारात नट-बोल्टचं दुकान होतं, हे आम्हाला कधी बोलले नाहीत!"

माझं रडं जागच्या जागी थांबलं. "तुम्ही आहात कुठे?"

"मंगल भवनात. बावन्नवर."

"अहो, मीही बावन्नवरच आहे!"

"नाही वहिनी." बोरसेंचा आवाज एकदम यांच्यासारखा झाला. "तुम्ही बावन्नवर असता तर इथे असता."

बरोबर होतं त्यांचं! आमचं मंगल भवन जुन्या एबी रोडवर, राऊच्या इंदूरकडच्या अंगाला. या रस्त्याकडे आता कुठलाच नंबर नाही. बावन्न बाहेरच्या बाहेर बायपासने जातो. साध्या माणसाने राऊत उतरून कोणाला तरी विचारलं असतं. पण ही मंडळी रस्ता विचारणार? प्राण गेला तरी नाही! ती सरळ बायपासला गेली. तिथेही एक मंगल भवन (मध्य प्रदेशात मंगल भवनांना तोटा नाही), तिथेही जोशी परिवार आणि तिथेही उठावणा. फोटोतल्या म्हाताऱ्याला हार घातलेला. यांचं तोंड कोणी पाहिलं होतं?

अर्ध्या तासाने सगळे धापा टाकत आले. टेंटवाले खुर्च्या रचत होते. सोबत तिथल्या जोशींचा मुलगाही आला होता, डोकं भादरलेला. त्याने आधी यांच्या फोटोला फूल वाहिलं, मग माझ्यापुढे हात जोडले.

"आंटीजी, माफ करना. समझ में तो आ गया था कि कुछ गड़बड़ है. पर हमारे बाउजी के लिए इतना अच्छा आज तक कोई बोला नहीं था. रोकने की इच्छा ही नहीं हुई."

"असं बोललात तरी काय?" मी बोरसेंना विचारलं.

"काही विशेष नाही. म्हटलं, सम कुठलं आणि विषम कुठलं, हे आम्हाला यांनी शिकवलं. पूर्वेकडून पश्चिमेकडे जावं तसा आकडा वाढत जातो."

लोकांना ते अध्यात्म वाटलं! एका आजींनी म्हणे हात जोडून डोळे मिटले. तिथल्या पंडितजींनीही मान डोलावली.

"वैसे भाभीजी," शर्माजी फोटोपुढे बसून हळूच म्हणाले, "आप 'पुराना तीन' लिख देतीं तो हम सीधे यहीं आते."

"जुना तीन कसं लिहितील, शर्माजी?" बोरसे उसळले. "तो आता शहरातला रस्ता आहे!"

"शहर का हो गया तो क्या पुराना नहीं रहा, भिया?"

"प्रश्न जुन्याचा नाही, नियमाचा आहे!"

बघता बघता सहाही जण पेटले. जोशींच्या मुलाने मध्येच विचारलं, "तो हमारी दुकान किस नंबर पे पड़ती है?" त्यावर तर गट पडले! निखिलने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भांडू दे रे त्यांना." तीन दिवस घरात हाच आवाज नव्हता. पदर तोंडाशी धरून मी हसत होते की रडत होते, मलाही सांगता येणार नाही. टेंटवाल्याने तेवढ्यात माझ्याखालची खुर्चीही मागून नेली.

जाताना त्यांनी यांच्या जागी मला ग्रुपवर घेतलं. आता रोज सकाळी चहा एकच कप करते आणि ग्रुपवर मुद्दाम एखादा चुकीचा नंबर लिहिते. लगेच सहाही जण तुटून पडतात. "वहिनी, किती वेळा सांगायचं!" तेवढं ऐकलं की चहा घशाखाली उतरतो. पण मुद्दाम चुकायचं तर बरोबर काय ते आधी पाठ असावं लागतं! यांनी बत्तीस वर्षं डोकं आपटून जे झालं नाही, ते असं झालं.

परवा मात्र घोटाळा झाला. चुकीचा म्हणून लिहिलेला नंबर बरोबर निघाला. कोणी काही बोललंच नाही. पूर्ण दिवस फुकट गेला!