आईच्या चिमटीतली तार

आज सकाळी आईने पाकाचा थेंब चिमटीत धरला, हात खिडकीशी नेला आणि बोटं अलगद उघडली. "तार आली का गं? मला आता दिसत नाही," ती म्हणाली. तिच्या अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत उन्हाचा एक बारीक धागा लकाकला.

रव्याच्या लाडवांचं सगळं नशीब त्या धाग्यावर असतं. तो यायच्या आधी गॅस बंद केला तर लाडू वळतच नाहीत, जरा उशीर झाला तर दगड होतात. गेल्या दिवाळीत मी एकटीने केले आणि नेमका तार यायच्या वेळीच फोन घेतला. बाबांनी पाहुण्यांसमोर पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला आणि शांतपणे लाडू फोडून खाल्ला. सगळे हसले. मीही हसले, पण ते वर्षभर बोचत राहिलं.

वाटीने मोजता येतं ते सगळं मी आईकडून वहीत उतरवून घेतलंय. हा क्षण मात्र वहीत मावत नाही. तो ज्याचा त्याने, चटका सोसून, बोटांतच पकडायचा.

"आली!" मी ओरडले आणि गॅस बंद केला.

दुपारी बाबा ताटलीसमोर बसले, शेजारी मुद्दाम अडकित्ता ठेवून. मी समोरच उभी राहिले. त्यांनी लाडू दोन बोटांत धरून जरासा दाबला, तर तो रवाळ, मऊ फुटला.

"आणखी एक दे," ते म्हणाले.

तोही संपला. मग त्यांनी अडकित्ता उचलला आणि मुकाट्याने सुपारी कातरायला घेतली.