दशांशताईंची न झालेली सही

दशांशताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते परीक्षा मंडळाच्या सभेत. शाळांचा प्रतिनिधी म्हणून मी खरेदी समितीवर होतो. विषय होता निकालाचा सर्व्हर बदलण्याचा. जुना सर्व्हर एका कंपनीच्या प्रोसेसरवर चालायचा. विक्रेत्याने आणलेला होता प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रोसेसरचा. पडद्यावर आलेखाचे उंच उंच स्तंभ दाखवत तो म्हणाला, "तिप्पट वेग!"

मागच्या बाकावरून एक सडपातळ बाई उठल्या. "हे तुमच्या चाचणीचे आकडे. आमचा गेल्या वर्षीचा निकाल यावर लावून दाखवा."

संगणक विभागात त्या वीस वर्षं होत्या. अपूर्णांकाच्या शेपटापर्यंत सगळं तपासायच्या, म्हणून कचेरीने ठेवलेलं हे नाव.

पुढच्या आठवड्यात समितीसमोर नव्या यंत्रावर तो निकाल लावला. दोन तासांचं काम चाळीस मिनिटांत झालं. मंडळाचे साहेब खूश. ताईंनी मात्र दोन्ही याद्या ताडून फरकाचा कागद काढला. एक्केचाळीस मुलं जुन्या यंत्रावर पास, नव्यावर नापास. सरासरी काढताना दोन प्रोसेसर दशांशचिन्हानंतरचे शेवटचे अंक वेगवेगळ्या पायरीवर तोडत होते. काठावरची मुलं तिथेच घसरली.

"दोन लाखांत एक्केचाळीस!" विक्रेता हसला. "शिवाय आमचाच प्रोसेसर जास्त अचूक आहे."

"असेल की. मग गेल्या वर्षी ही मुलं चुकून पास झाली, असं लिहून द्या."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब करवादले, "अहो, जुनं यंत्र काय माहेराहून आणलंय तुम्ही?"

"उद्या भंगारात घाला, माझी ना नाही. पण स्वीकृतीच्या कागदावर सही माझी लागते, आणि ती मी करणार नाही."

"मग भांडारात बसावं लागेल."

"बसते. किल्ली कुणाकडे असते?"

मी माझं पेन खिशात घातलं. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंनीही आपल्या पेनाला टोपण लावलं.

समितीच्याही सह्या अडल्या, तेव्हा विक्रेत्याची कंपनी हलली. अंक कुठे तोडायचा हे प्रोसेसरवर न सोडता त्यांनी प्रोग्रॅममध्येच लिहिलं. चार महिन्यांनी याद्या जुळल्या, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. नवं यंत्र आलं, साहेबांचा त्याच्याशेजारी फोटो निघाला. ताईंना परत बोलवावं असं कुणाला सुचलं नाही. मी साहेबांना दोनदा लिहिलं. "बघू" एवढंच उत्तर आलं.

त्या अजून भांडारातच आहेत. खोलीला खिडकी नाही. गेल्या सोमवारी त्यांनी पंख्यासाठी तिसरा अर्ज दिला.