एका दाखल्यासाठी बावीस प्रश्न

मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढवायचं राहिलं होतं. वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन चार महिने झाले तरी काही कळेना, आणि शाळा म्हणाली जूनपर्यंत दाखला आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. सदाशिव पेठेत मी ज्या काकांकडे पोळ्या करते ते बँकेतून रिटायर झालेत. ते म्हणाले, माहितीच्या अधिकारात विचारू, ऑफिसवाले सरळ होतील. माझी शाळा आठवीत सुटली, म्हणून त्यांनीच लिहिलं. तवा तापलेला होता, मी न वाचता सही केली.

महिन्याने पत्र आलं. तुमचा अर्ज त्रास देण्याच्या हेतूने केलेला दिसतो, माहिती देता येत नाही. मला वाटलं, आता पोलीस येतात का काय, आणि पोरीची शाळा तर गेलीच. नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही. काकांना दाखवलं तर ते खूश.

"अगं, मला हे पत्र मिळायला चार वर्षं लागली. तुला पहिल्याच अर्जात."

दुसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन ऑफिसात पळाले. तिथल्या टेबलावरच्या मॅडमनी काकांनी लिहिलेला अर्ज काढून वाचून दाखवला. पहिला प्रश्न दाखल्याचा. दुसरा, भिंतीवरच्या घड्याळात सेल शेवटचा कधी घातला. तिसरा, बाहेरच्या बाकाचा पाय कुणाच्या परवानगीने मोडला. नववा, जेवणाची सुट्टी एकला सुरू होते, ती संपते का. असे बावीस.

"अक्षर आमच्या ओळखीचं आहे," मॅडम म्हणाल्या, "सही तेवढी नवीन. यातलं तुम्हाला काय हवंय?"

"पहिलं, मॅडम. बाकीचं काही नको, खरंच."

"बरं झालं. नवव्याचं उत्तर आम्हालाही माहीत नाही."

मग त्यांनी माझा जुना अर्ज शोधला. नवऱ्याची सही राहिली होती म्हणून तो बाजूला ठेवलेला, कळवलं मात्र कुणी नव्हतं. मी तशीच मार्केट यार्डात गेले. नवरा टेम्पोत कांदे भरत होता, गोणीवर कागद ठेवून त्याने सही केली, का म्हणून विचारलंही नाही. तीन दिवसांनी दाखला हातात आला, पोरीच्या नावाचा.

काकांनी चष्मा लावून तो उलटासुलटा पाहिला. तोंड जरा उतरलं. अपील लिहून तयार होतं त्यांचं.

"शिक्का तिरका मारलाय," ते म्हणाले आणि कोरा कागद पुढे ओढला. "का, ते विचारायला हवं."

मी दाखला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि तशीच शाळेकडे पळत सुटले.