दोनशे हिरव्या खुणा

आत्या शाळेत गणित शिकवायच्या, तेव्हा मुलांनी त्यांचं नाव पाडलं होतं ‘पुन्हा-कर बाई’. उत्तर बरोबर असो की चूक, बाई म्हणणार, "पुन्हा कर." निवृत्त झाल्या, केस पिकले, तरी नाव काही सुटलं नाही. खाली धाकट्या भावाचं शिवणकामाचं दुकान, वर सगळ्यांचं घर, आणि घराच्या मधल्या खोलीत भावाची मुलगी एक भाषा तयार करत बसलेली.

बोलायची भाषा नव्हे हो! मुलांनी कॉम्प्युटरला हुकूम सोडायची. ‘दाखव’, ‘जर’, ‘पाच वेळा कर’ असले साधे शब्द, आणि ते ओळीओळीने वाचून काम करून घेणारा एक प्रोग्राम. त्याला म्हणायचं इंटरप्रिटर. भाची हुशार, पण घाई म्हणजे काय विचारता! गेल्या वर्षी शाळेत दाखवायला गेली आणि पहिल्याच गणिताला इंटरप्रिटरने भलतंच उत्तर दिलं. वर्ग खो खो हसला. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. यंदा मुख्याध्यापिकेने मोठ्या मनाने तिला पुन्हा बोलावलं होतं, येत्या सोमवारी. आताही फजिती झाली, तर तिसऱ्यांदा कोण बोलावणार?

"या खेपेला तपासणी माझ्याकडे," आत्यांनी बजावलं होतं.

त्यांची पद्धत सरळ. वहीत डावीकडे चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, उजवीकडे स्वतः डोकं चालवून त्याचं उत्तर. मग दोन्ही कॉम्प्युटरमध्ये घालायचं. यंत्राचं उत्तर वहीशी जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. लाल दिसली की आत्यांना कोण आनंद! "सापडली गं सापडली!" भाची गाल फुगवून दुरुस्तीला बसायची. शून्याने भागलं तर? कंस उघडला आणि मिटलाच नाही तर?

"आत्या, असं कोण लिहितं?"

"तेहतीस वर्षं सहावीच्या वर्गावर काढलीत मी. कोण काय लिहितं ते मला विचार."

शनिवारी सकाळी दोनशेच्या दोनशे खुणा हिरव्या झाल्या. भाचीने आत्यांना कडकडून मिठी मारली आणि मैत्रिणीला सांगायला धावली. गळ्यात टेप अडकवलेला भाऊ चहाला वर आला आणि सहज वही चाळू लागला.

"ताई, हे काय गं? पन्नास वजा वीस वजा दहा, उत्तर चाळीस? पन्नास मीटरच्या ताग्यातून वीस कापले, दहा कापले, आणि उरले चाळीस? असा तागा कुठे मिळतो ते सांग, दुकानाचं भलं होईल!"

तो हसत हसत खाली गेला. आत्यांचा मात्र चहा गार झाला. कारण ते चाळीस त्यांनी काढलेलंच नव्हतं. पहिली एकशे वीस उत्तरं त्यांनी इमानाने डोक्याने काढली. पुढे डोळे दुखायला लागले, कंटाळा आला. एकशे वीसदा खरं बोललेल्यावर शंका कोण घेतो? म्हणून त्या आधी यंत्राला उत्तर विचारू लागल्या आणि तेच वहीत उतरवू लागल्या. यंत्राचं उत्तर यंत्राशीच ताडलं, मग खूण हिरवी होणार नाही तर काय! मागचं उत्तर बघून गणित लिहिणाऱ्या पोरांचे त्यांनी जन्मभर कान धरले होते.

गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, निदान सोमवारपर्यंत. आत्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाची परत आली तशी त्या म्हणाल्या, "बाळा, शेवटच्या ऐंशी खुणा खोट्या आहेत. मी कॉपी केली."

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने वही पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही गं."

"मग सांगू नकोस. मीही शाळेत दोनदा तसंच केलंय." आणि तिने दोन पेन्सिली काढल्या.

अख्खा रविवार दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. जेवणाची ताटं भावाने वाढून आणून दिली. ऐंशीपैकी अकरा लाल निघाली. नऊंचं मूळ एकच: ओळीत दोन वजाबाक्या आल्या की यंत्र मागून सुरुवात करायचं, आधी विसातून दहा काढायचं, मग उरलेले दहा पन्नासातून. भाचीने ते संध्याकाळपर्यंत सरळ केलं, उरलेल्या दोन्हींचाही निकाल लावला, आणि दोनशे उत्तरं पुन्हा ताडून पाहिली.

सोमवारी वर्गात मुलांना मोकळं सोडलं. आत्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या. कुणी नाव छापलं, कुणी चांदण्या काढल्या. मग दोन वेण्यांची एक मुलगी पुढे झाली आणि तिने टाइप केलं: दाखव ९० - ३० - २०.

भाचीने डोळे मिटून घेतले. पडद्यावर आलं ४०.

कुणाला काहीच वाटलं नाही. पुढचा मुलगा खुर्चीकडे सरकलासुद्धा. एवढ्या वर्गात टाळ्या वाजवल्या त्या एकट्या आत्यांनी, त्याही अशा जोरात की सगळी पोरं मान वळवून बघायला लागली.

"आजी, त्यात काय एवढं?" वेण्यांवाली म्हणाली. "हे तर मला तोंडी येतं!"

"येतं ना? शाब्बास!" आत्या डोळे पुसत हसल्या. "आम्हाला अख्खा रविवार लागला बाई!"