आवाज, लांबी, वजन, दाम

“गप बे! ए, गप! कावून बोंबलतोस एवढा? शरम हाय का न्हाई?”

चौदा वर्षांपूर्वी नेकनूरच्या माझ्या गिरणीच्या दारात उभा राहून एक माणूस ओरडत होता. मला वाटलं, मलाच. मी बाह्या सरसावून उठलो. शिव्या द्यायच्या तर नेमक्या कुठल्या, याची मनात जुळवाजुळवही झाली होती. जवळ गेलो तेव्हा कळलं की हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तो माझ्या डिझेल इंजिनाकडे बोट रोखून त्याची खरडपट्टी काढत होता.

इंजिनाची लायकीही तीच होती म्हणा. लाईट गेली की मी ते चालू करायचो, आणि लाईट आमच्याकडे यायची ती पाहुण्यासारखी. इंजिन सुरू झालं की गहू जात्यात पडण्याआधीच भीतीनं पीठ व्हायचा. गल्लीतल्या कोंबड्या पंखांनी कान झाकून अंडी घालायच्या. मांजरसुंब्याच्या घाटातले ट्रकवाले मागे कुणी हॉर्न देतंय असं समजून बाजूला व्हायचे. यातलं एखादं खोटं असेल, पण कोणतं ते मी सांगणार नाही.

“मी हवालदार साळवे,” इंजिन बंद केल्यावर तो माणूस म्हणाला. “फाट्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलंय. ह्याला सायलेन्सर न्हाई, नुसतं डबडं हाय. जय भीम.”

मी नमस्कार म्हणालो. ओळख झाली ती अशी.

हवालदार यशवंत साळवे पलटणीत हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होते. गावात आल्यावर ट्रॅक्टर, इंजिनं, जनरेटर यांचे सायलेन्सर बनवायला लागले. पण त्यांचा जीव अडकलेला होता रायफलीच्या सायलेन्सरात. पलटणीत एकदा पाच प्रकारची नळकांडी तपासायला आली होती. ती गोष्ट मी किमान चारशे वेळा ऐकली असेल, आणि मी ती हजार वेळा सांगितली, दर वेळी एक नळकांडं वाढवून.

“अप्पा, रायफलीच्या तोंडाला बशिवतेत ते,” हवालदार सांगायचे. “पयलं काकडीवानी हलकं, पन दाम ऐकून सायबानंच टोपी काढली. दुसरं लई गप, पन वजन असं की जवानाचा हात थरथर कापायचा. नेम डोंगरावर, गोळी वढ्यात. तिसरं बोटभर. खिशात मावंल, पन वाजलं की खिसा फाटंल.”

“मग पास कुठलं केलं?”

“जे घेऊन जवानाला पळता येतंय ते. आवाज, लांबी, वजन, दाम. हे चौघं एका खाटंवर झोपत न्हाईत अप्पा. तिघं झोपले की चौथा खाली पडतोच.”

आणि मग हमखास शेवटी, आवाज खाली आणून: “गोळी मुकी होत न्हाई बरं का. ती हवा फाडत जाती, तो कडाका ऱ्हातोच. नळकांडं एवढंच करतंय, गोळी कुठनं आली ते कळू देत न्हाई.”

दुकानाच्या पत्र्यावर त्यांनी खडूनं चार रकाने आखले होते आणि जगातली प्रत्येक वस्तू त्या चार रकान्यांत बसायची. प्रेशर कुकर, पाण्याची मोटर, लग्नातला बँडबाजा. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एकाला त्यांनी दोन रकान्यांत उडवलं: “आवाज लई. वजन न्हाई.” त्यांच्या सुजाताला, एकुलत्या मुलीला, स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांसमोर म्हणाले, “लांबी बरी हाय. दामाचं इचारू नगा, आमी देनार न्हाई.” स्थळ परत गेलं. सुजाता दारामागं हसत होती म्हणे.

माणूस अस्वस्थ असा की पारा बरा. गिरणीसमोर माझा लांबलचक बाक आहे. दळण येईपर्यंत सगळं गाव त्यावर बसून राजकारण दळतं. हवालदार मात्र रोज सकाळी यायचे, खांबाजवळ उभे राहायचे, उभ्यानंच चहा घ्यायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायचे. आणि सारखे गर्रकन मागे वळायचे. सायकलची घंटी वाजली की एक अख्खी गिरकी. मी लोकांना सांगायचो की पलटणीनं त्यांच्या गुडघ्यांत रायफलीच्या स्प्रिंगा टाकल्यात, बसले की उडतील. एकदा विहाराच्या अंगणात ते व्याख्यान ऐकत तासभर मांडी घालून निवांत बसलेले दिसले. मी ताबडतोब गोष्ट सुधारली: स्प्रिंगांना पावसाळ्यात गंज चढतो.

गिरक्यांचं कोडं मात्र मी सोडवलं. एकदा आठवडी बाजारात मी त्यांच्या डावीकडून हाक मारली. एक नाही, दोन नाही, तीन. माणूस ढिम्म. उजवीकडून नुसतं “भजी” असं पुटपुटलो, तर ते सगळीकडे बघायला लागले, फक्त मी होतो तिकडे सोडून. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान तिच्या तोंडाकडे येतो. वर्षानुवर्षं हत्यारं तपासून त्यांचा डावा कान मेला होता. आणि एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? तालुक्यात कुठलंही इंजिन कुरकुरलं की लोक म्हणायचे, हवालदाराच्या कानाला दाखवा. मीही कुणाला सांगितलं नाही. पण माझं गप्प राहणं चांगुलपणाचं नव्हतं. एखादी जास्तीची किल्ली बनवून ठेवावी तसं ते मी ठेवून दिलं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून.

वेळ आली. विहारालगत, म्हणजे माझ्या गिरणीला भिंत लावून, अभ्यासिका झाली. सुजाता तिथे तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची, आणखी वीसेक मुलं-मुली असायची. उन्हाळ्यात लाईट सहा-सहा तास गायब, त्यामुळे माझं इंजिन सहा-सहा तास चालू. शेवटी ग्रामसभेत सुजातानं अर्ज वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, “अप्पा काका, मी काय वाचलं ते ऐकू आलं का?”

“नाही गं.”

“तोच अर्ज आहे. तुमचं इंजिन चालू आहे.”

सभा हसली. सरपंचबाई हसल्या नाहीत. पंधरा दिवसांची मुदत दिली. “हवालदार तपासतील. ते पास म्हणाले तर गिरणी राहील, नाहीतर शटर.” कुणीच हरकत घेतली नाही. तक्रार करणारीचाच बाप, तो माझी बाजू कशाला घेईल?

पाच पिढ्या आमच्या घरात दळण आणि किराणा. कपाळाला भस्म लावल्याशिवाय शटर उघडलं नाही, आणि उघडल्याशिवाय एक दिवस गेला नाही. गिरणी हलवायला दुसरी जागा नव्हती. त्या रात्री मी तीनदा उठून शटरचं कुलूप ओढून बघितलं.

हवालदारांनी चार सायलेन्सर आणून इंजिनावर एकेक चढवले. टेपनं लांबी घेतली, काट्यावर वजन केलं. आवाज मोजायला यंत्र नव्हतं. सुजातानं अभ्यासिकेच्या खिडकीत नेहमीच्या आवाजात पुस्तक वाचायचं आणि किती पावलांपर्यंत ते कळतं ते बघायचं, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी ते उजवा कान पुढे करून, मान वाकडी करून चालत होते. लोकांना वाटलं, तंद्री लागली.

शहरातून मागवलेला सायलेन्सर हलका, आटोपशीर, आणि दाम असा की मी पावती उलटी करून ठेवली. भंगारातल्या ट्रकचा एवढा जड की इंजिनाची मान मोडायला आली. हवालदारांनी स्वतः बनवलेला, पिंपात पिंप घातलेला, खरोखर गप होता. पण तो थेट रस्त्यावर जायचा, एसटीला त्याला वळसा घालावा लागला असता. उरला चौथा. हातभर लांबी, भोपळ्याएवढं वजन, स्वस्त. तीन रकाने झकास. आवाज मात्र असा की सुजाता चौथ्या पावलाला मुकी व्हायची.

मी तोच बसवला. वर चंदेरी रंग दिला.

तपासणीच्या दिवशी सरपंचबाई आल्या, बाक गच्च भरला. मी घरातून हाताची लाकडी खुर्ची स्वतः उचलून आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि बरोब्बर अशी मांडली की बसणाऱ्याचा डावा कान इंजिनाकडे आणि उजवा कान भिंतीकडे.

“बसा हवालदार,” मी म्हणालो.

हवालदारांनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खुर्चीकडे. आणि बसले. अगदी सावकाश, खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून.

मी इंजिन चालू केलं. बाकावरच्या दोघांनी कानांत बोटं घातली. खिडकीत सुजाताचे ओठ हलताना दिसत होते. हवालदार डोळे मिटून पाच मिनिटं तसेच बसून राहिले. पाय हलला नाही, मान हलली नाही.

“पास,” ते म्हणाले. “माझी हमी.”

सुजातानं पुस्तक मिटलं आणि बापाकडे न बघता निघून गेली. सरपंचबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शब्द दिला होता. गिरणी वाचली. मी पेढे आणायला माणूस पाठवला आणि तो परत येईपर्यंत माझी भूक मेली. त्या दिवसभर मला माझ्याच बाकावर बसवेना. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला मी वळून बघत होतो, हवालदारांसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हवालदार उभे. खांद्यावर टिकाव, हातात फावडं.

“चला अप्पा. खड्डा खंदायचाय, गिरणीमागं.”

“कशाला?”

“हमी दिलीया न्हवं? आता खरी कराय लागंल.”

आठ दिवस आम्ही खणत होतो. पुरुषभर खड्डा, आत विटांचं बांधकाम, विटांत गोटे, गोट्यांत ते पिंपात पिंप. इंजिनाचा धूर नळीनं खाली न्यायचा आणि लांबच्या भोकातून वर काढायचा. माझ्या हातांना असे फोड आले की त्यांत वांगी लावता आली असती. ते मात्र न थांबता, न बसता. मधेच म्हणायचे, “जमिनीत गाडलं की लांबी कुनाला दिसत न्हाई, वजन कुनाला उचलाय लागत न्हाई. पलटणीत हेच करता आलं नसतं. जवान खड्डा घेऊन कसा पळनार?”

नवव्या दिवशी इंजिन चालू केलं. नुसती धुगधुग, म्हैस रवंथ करते तेवढी. सुजाता खिडकीत वाचायला लागली आणि तिचं वाचणं मला पार रस्त्यापलीकडे ऐकू आलं. हवालदारांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. मी पहिल्यांदा सरळ त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणालो, “ऐकू येतंय. सगळं.”

त्यांनी मान हलवली आणि फावडं धुवायला गेले.

सुजाता पुढच्या परीक्षेत पास झाली. तलवाड्याला नेमणूक मिळाली आणि बापाला घेऊन निघाली. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. सुजाता तिकिटाची चौकशी करायला गेली. चहाच्या टपरीवर हवालदार बाकावर बसले होते, एका पायावर दुसरा पाय टाकून, अगदी निवांत. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर आलं.

“हवालदार, एक सांगा. त्या दिवशी खुर्ची मी मुद्दाम तशी मांडली होती. तुमच्या कानाचं मला ठाऊक होतं.”

“मला बी ठाऊक होतं. बघताक्षणी कळलं.”

“मग बोलला का नाहीत? उठला का नाहीत?”

त्यांनी ग्लासातला उरलेला चहा संपवला, ग्लास बाजूला ठेवला.

“बारा वर्सांत तुमी मला पयल्यांदा बसा म्हनला होता, अप्पा,” ते म्हणाले. “उठावं वाटलं न्हाई.”